पोचलो, झालं, पुढचं गाव: फिरतीच्या ॲपबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी आलेली पत्रं आणि मेसेज जवळपास सगळे एकाच विषयावरचे आहेत, फिरतीवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात जे ॲप दिलेलं असतं त्याची स्क्रीन कशी असावी. ठिबकवाले, खत-औषधवाले, टॉवेल-चादरीचे सेल्समन, संस्थांच्या सर्व्हेला जाणाऱ्या ताई, सगळ्यांनीच लिहिलंय. आपला सोलापूर जिल्हा अकरा तालुक्यांचा, करमाळ्यापासनं अक्कलकोटपर्यंत दीडशे किलोमीटरच्या वर जातो, आणि इथं निम्मा धंदा गाडीवर बसूनच होतो, त्यामुळं हा प्रश्न किती जणांचा आहे ते मला पत्रांवरनंच कळलं. जागा आहे तेवढ्यात उत्तरं देते.

प्रश्न: आमची ठिबकची एजन्सी आहे, सर्व्हिसला पोरं आहेत. बाहेरच्या एका डेव्हलपरकडनं ॲप करून घेतलं, पैसे पण चांगले गेले. उघडलं की आधी गोल चार्ट येतो, मग महिन्याचं टार्गेट, मग मेनू, मेनूत व्हिजिट, त्यात नवीन व्हिजिट, आणि मग सतरा-अठरा रकाने. पोरं दिवसभर काहीच भरत नाहीत, रात्री जेवण झालं की घरी बसून सगळं एकदम भरतात आणि लोकेशन सगळ्या व्हिजिटचं त्यांच्या घरचंच येतंय. पोरांना शिस्त लावावी का ॲप बदलावं? (एक वाचक, मोहोळ)

उत्तर: ॲप बदला. पोरं रात्री भरायलेत म्हणजे दिवसा तुमची स्क्रीन त्यांच्या कामात आडवी येतेय, एवढाच त्याचा अर्थ. तो गोल चार्ट आणि टार्गेट तुम्हाला बघायचंय, पोराला नाही. पोरगा कुरूलच्या फाट्यावर गाडी लावून फोन काढतो तेव्हा त्याला एकच पाहिजे असतं, आता कुणाकडं जायचंय आणि तिथं काय करायचंय. म्हणून ॲप उघडलं की थेट आजची यादी दिसली पाहिजे, मध्ये मेनू नाही, चार्ट नाही, "सुप्रभात" पण नाही.

यादीतलं एक कार्ड कसं असावं ते नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. वर मोठ्या अक्षरात शेतकऱ्याचं नाव आणि गाव. त्याच्याखाली खूण. आपल्याकडं माणसं गावठाणात कमी आणि वस्तीवर जास्त राहतात, पत्ता म्हणजे "कॅनॉल ओलांडून डाव्या हाताला, पत्र्याच्या शेडमागं" असा असतो, आणि एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरं, त्यात एकाच नावाचे दोघं-तिघं, तर नुसत्या नावावर पोरगा चुकीच्या वस्तीवर जाऊन येतो. म्हणून खुणेला आणि गट नंबरला कार्डावर जागा पाहिजेच. त्याखाली एक ओळ, काम काय आहे, "ड्रिपर चोक, दुसरा प्लॉट". आणि त्याखाली मागच्या वेळी काय झालं होतं त्याची एक ओळ, म्हणजे "फिल्टर धुतला, प्रेशर कमीच". ही शेवटची ओळ बहुतेक ॲपमध्ये तीन स्क्रीन आत पुरलेली असते, आणि खरं तर तीच बघून पोरगा शेतकऱ्यासमोर उभा राहतो. ती वाचली नसली तर शेतकरी पहिलंच वाक्य ऐकवतो, "मागच्या टायमाला पण हेच सांगितलं होतं की तुम्हाला."

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या डेव्हलपरला सांगितल्याशिवाय कळणारच नाही: लाईट. शेतीची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि मोटर चालू नसेल तर ठिबकचं प्रेशर तपासणार कसं. पोरगा वीस किलोमीटर जातो आणि लाईट नाही म्हणून परत येतो. तर कार्डावर "लाईट कधी" हा छोटा रकाना ठेवा, आदल्या दिवशी फोन केला की तिथं वेळ टाकायची, आणि यादी लावताना ती वेळ आणि बाजू दोन्ही धरायची. बाजू म्हणजे कुरूल-कामतीकडचं एकत्र, पेनूरकडचं एकत्र. नुसतं तक्रार आलेल्या क्रमानं यादी लावली की पोरगा दिवसभर मोहोळ ओलांडून इकडून तिकडं फिरत बसतो, पेट्रोल जातं ते वेगळंच.

आता बटणं. कार्ड उघडलं की खाली, अंगठा पोचेल तिथं, एकच मोठं बटण, "पोचलो". दाबलं की तारीख, वेळ, लोकेशन, पोराचं नाव हे सगळं ॲपनं स्वतः घ्यायचं. फोनला जे आधीच माहीत आहे ते माणसाला परत विचारायचं नाही, तुमच्या सतरा-अठरा रकान्यांतले चार-पाच तर इथंच उडतील. काम झालं की तेच बटण "काम झालं" होतं. बटण वरच्या कोपऱ्यात ठेवू नका. स्टीव्हन हूबर म्हणून एक डिझायनर आहेत, त्यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, बसमध्ये, दुकानात फोन वापरणाऱ्या १,३३३ माणसांचं निरीक्षण केलं होतं, त्यातले ७८० जण स्क्रीनला बोट लावून काहीतरी करत होते, आणि त्यांच्यातले ४९ टक्के एकाच हातानं फोन वापरत होते. आणि तुमच्या पोराच्या तर दुसऱ्या हातात लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, तुकडा नाहीतर पाना असतो. अँड्रॉइडची शिफारस आहे की दाबायची कुठलीही गोष्ट कमीतकमी ४८ डीपी (हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) असावी, म्हणजे स्क्रीनवर साधारण ९ मिलिमीटर, पण ते कमीतकमी झालं. चिखलाच्या, ओल्या बोटाला ते पुरत नाही, कारण फोनचा पडदा बोटाचा विद्युत परिणाम ओळखून चालतो आणि पाण्याचा थेंब पडला की तो गडबडतो, एकीकडं दाबलं की दुसरीकडं लागतं. मुख्य बटण पूर्ण रुंदीचं करा आणि "रद्द करा" त्याला चिकटून ठेवू नका, मध्ये मोकळी जागा सोडा.

काम झालं नाही तर? इथं बहुतेक ॲप नुसतं "पेंडिंग" म्हणून सोडून देतात आणि मग ऑफिसात बसून कुणालाच कळत नाही की का झालं नाही. चार-पाच तयार कारणं द्या, एका टचमध्ये निवडता येतील अशी: शेतकरी भेटला नाही, लाईट नव्हती, सामान कमी पडलं, रस्ता बंद, शेतकऱ्यानं पुढची तारीख दिली. आणि "इतर" सगळ्यात शेवटी, बोलून रेकॉर्ड करायच्या सोयीसकट. "सामान कमी पडलं" दाबलं तर लगेच पुढं काय कमी पडलं ते विचारा, जॉइनर, ग्रोमेट, फिल्टरची जाळी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत असेल.

राहिले बाकीचे रकाने. प्रत्येक रकान्यापुढं लिहा की हे गेल्या महिन्यात ऑफिसात कुणी वाचलं. कुणीच वाचलं नसेल तर काढून टाका. जे उरतील ते कामाच्या प्रकाराप्रमाणं दाखवा, वसुलीला गेलेल्या पोराला प्रेशर विचारायचं कारण नाही. प्रेशरचा रकाना दाबला की आकड्यांचाच कीपॅड उघडला पाहिजे, एबीसीडी नाही. ही एका ओळीची सेटिंग आहे, डेव्हलपरला म्हणावं आजच कर.

प्रश्न: मी औषध कंपनीच्या फिल्डवर आहे. मार्च लागला की बाहेर स्क्रीनच दिसत नाही, हाताची सावली धरून बघावं लागतं. ॲप दिसायला एकदम भारी आहे, काळं बॅकग्राउंड, करड्या रंगाची नाजूक अक्षरं. वरनं ब्राइटनेस फुल केला की फोन तापतो. काही उपाय? (एक भगिनी, अक्कलकोट)

उत्तर: ताई, तुमच्या ॲपची स्क्रीन एसीत बसून पास केलेली आहे. उन्हात काळं बॅकग्राउंड म्हणजे आरसा, अक्षरांच्या ऐवजी स्वतःचं तोंड दिसतं. फिरतीच्या ॲपला पांढरं बॅकग्राउंड आणि गडद, जाड अक्षर हेच बरं, डार्क मोड ज्याला रात्री पाहिजे तो लावून घेईल. वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्याला, त्यात साध्या मजकुराला अक्षर आणि बॅकग्राउंडमधला फरक कमीतकमी ४.५ ला १ असावा असं दिलंय आणि वरच्या पातळीला ७ ला १. हे निकष उन्हासाठी लिहिलेले नाहीत, नजर कमी असलेल्यांसाठी आहेत, पण चाळीसच्या वरच्या सोलापूरच्या उन्हात आपली सगळ्यांचीच नजर कमी होते, तेव्हा ७ ला १ च धरा. करडं अक्षर तिथं टिकतच नाही.

फोन तापतो तेव्हा तो स्वतःला वाचवायला ब्राइटनेस आपोआप कमी करतो, म्हणजे नेमकं पाहिजे तेव्हाच स्क्रीन अंधारते, ते ॲपवाल्याच्या हातात नाही. पण ॲप मागच्या बाजूला सारखं जीपीएस चालू ठेवत असेल तर त्यानं पण फोन तापतो आणि बॅटरी जाते, ते मात्र त्याच्या हातात आहे. आणि नुसत्या रंगावर काही सोडू नका म्हणावं. हिरवा ठिपका म्हणजे झालं, लाल म्हणजे राहिलं, हे उन्हात एकसारखं दिसतं, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं, त्यात पुरुष जास्त, कितीतरी ऑफिसांत असतात. ठिपक्याशेजारी शब्द लिहायला कितीशी जागा लागते.

तुमच्या मॅनेजरला एक सांगा, नवीन स्क्रीन आली की दुपारी दोनला गच्चीवर नेऊन बघा आणि मगच हो म्हणा.

प्रश्न: आमची संस्था घरोघरी जाऊन महिलांच्या आरोग्याचा सर्व्हे करते. करमाळ्याकडच्या कितीतरी वस्त्यांवर रेंज नाही. ताया अर्धा तास बसून फॉर्म भरतात आणि सबमिट दाबलं की गोल फिरत राहतं, मग ॲप बंद होतं आणि सगळं जातं. कधी फोटो काढायला गेलं तरी फॉर्म रिकामा होतो. आणि उलटं पण होतं, एकाच घराची नोंद तीन-तीन वेळा जाते. ताया आता आधी वहीत लिहितात आणि मग ॲपमध्ये. (संस्थेच्या समन्वयक, करमाळा)

उत्तर: वहीत लिहितात हे ताया अगदी बरोबर करायलेत, ज्या ॲपवर भरवसा नाही त्याच्यात समोरच्या बाईनं विश्वासानं सांगितलेली माहिती का टाकावी. तिन्ही रोगांची कारणं वेगवेगळी आहेत, आणि तिन्हीला औषध आहे.

पहिलं म्हणजे "सेव्ह" ही गोष्ट रेंजवर अवलंबून असूच नये. फॉर्म आधी फोनमध्येच साठवायचा, त्यासाठी एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतो, आणि रेंज आली की मागच्या मागं पाठवायचा. अँड्रॉइडमध्ये वर्कमॅनेजर म्हणून सोय आहे, तिला सांगून ठेवता येतं की नेट आलं की हे काम कर, फोन मध्ये बंद होऊन चालू झाला तरी ती विसरत नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला अशी कामं फार कडकपणे थांबवतात, म्हणून एक "आत्ता पाठवा" बटण पण पाहिजे, संध्याकाळी स्टँडवर आल्यावर दाबायला.

फोटो काढताना फॉर्म रिकामा होतो त्याची गंमत वेगळी आहे. कमी रॅमच्या फोनमध्ये कॅमेरा उघडला की त्याला जागा करून द्यायला अँड्रॉइड मागं गेलेलं ॲप चक्क बंद करून टाकतं. फोटो काढून ताई परत येते तेव्हा ॲप नव्यानं सुरू झालेलं असतं आणि आधी भरलेलं कुठंच नसतं. डेव्हलपरच्या टेबलावरच्या महागड्या फोनवर हे कधी होतच नाही, म्हणून तो म्हणतो "माझ्याकडं तर चालतंय". उपाय सरळ आहे, प्रत्येक रकाना भरला की तेवढा तेव्हाच साठवायचा, शेवटी सबमिटची वाट बघायची नाही. त्याला बोलवा, तायांकडचा सगळ्यात जुना फोन त्याच्या हातात द्या आणि फॉर्म अर्धा भरून कॅमेरा उघडायला लावा, पाच मिनिटांत त्याला दिसेल.

तीन वेळा नोंद जाते कारण ताईनं सबमिट दाबलं, फॉर्म सर्व्हरवर पोचला, पण "पोचला" हे उत्तर परत येताना रेंज गेली. ॲपला वाटलं गेलाच नाही, त्यानं परत पाठवला. म्हणून प्रत्येक फॉर्मला त्याचा नंबर फोनमध्येच, फॉर्म उघडतानाच द्यायचा, सर्व्हरनं नाही. मग तोच नंबर दुसऱ्यांदा आला की सर्व्हर म्हणतो, हा आहे माझ्याकडं, आणि सोडून देतो.

आणि स्क्रीनवर हे दिसलं पाहिजे, ते गोल फिरणारं चाक काढून टाका, त्यानं माणूस नुसता घाबरतो. व्हॉट्सॲपमुळं घड्याळ, एक टिक, दोन टिक हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय, तेच वापरा. प्रत्येक घराच्या नोंदीपुढं घड्याळ म्हणजे फोनमध्ये आहे, टिक म्हणजे ऑफिसला पोचलं. वर एक कायमची पट्टी, "७ फॉर्म पाठवायचे बाकी". ही पट्टी असताना लॉगआउट दाबलं तर ॲपनं अडवलं पाहिजे, कारण कित्येक ॲप लॉगआउट केलं की फोनमधलं सगळं पुसून टाकतात आणि पाठवायचं राहिलेलं पण त्यातच जातं.

फोटो लहान करून पाठवा. आजकालच्या कॅमेऱ्याचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो, लांब बाजू १२८० पिक्सेलवर आणली की तो काही शे केबीत बसतो आणि नोंदीसाठी तेवढा पुरतो. मजकूर आधी जाऊ द्या, फोटो मागनं.

तायांना म्हणावं, वही अजून थोडे दिवस ठेवा. त्यांना स्वतःला खात्री पटली की त्याच बंद करतील, सांगायला लागणार नाही.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये सेल्समनसाठी ॲप करतोय. पहिली स्क्रीन नकाशा ठेवावी का यादी? (एक विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर: यादी. नकाशा डेमोला छान दिसतो पण नवी पेठेत वीस दुकानं एकमेकांना चिकटून असतात, सगळ्या पिना एकावर एक येतात आणि बोटाला एकही धड लागत नाही. नकाशाला डेटा पण लागतो. यादीतल्या प्रत्येक कार्डावर "रस्ता दाखवा" एवढं बटण दे, ते दाबलं की फोनमधलं गुगल मॅप्स उघडू दे, रस्ता दाखवायचं काम तू परत करत बसू नको. खालच्या पट्टीत तीन ते पाच गोष्टी, त्याच्यावर नाही: आज, सगळे ग्राहक, माझं काम. बास.

प्रश्न: पोरगा म्हणतो दुकानात होतो, ॲप म्हणतंय तीनशे मीटर लांब होता. ॲपमध्ये सेटिंग केलंय की पन्नास मीटरच्या बाहेर असेल तर व्हिजिट सेव्हच होत नाही, त्यामुळं रोज भांडणं. खरं कोण बोलतंय? (एक एरिया मॅनेजर, पंढरपूर)

उत्तर: बहुतेक वेळा पोरगाच खरं बोलतोय. जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतं, पण दुकानात, पत्र्याखाली, मंदिराच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत उपग्रहांचा सिग्नल नीट येत नाही, भिंतींवर आपटून येतो, मग फोन टॉवरवरनं आणि आसपासच्या वायफायवरनं अंदाज बांधतो. तो अंदाज शेकडो मीटर चुकू शकतो. शिवाय नेट नसेल तर फोनला पहिल्यांदा जागा सापडायलाच वेळ लागतो, कारण उपग्रह त्यांची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं पाठवतात, एका उपग्रहाची नेमकी जागा कळायलाच अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं. नेट असलं की ही माहिती तिकडनं पटकन मिळते. कितीतरी ॲप एवढी वाट बघत नाहीत आणि फोनमध्ये पडलेली मघाचीच जागा उचलून टाकतात, म्हणजे पोरगा स्टेशन रोडला चहाला थांबला होता तिथली.

फोन प्रत्येक जागेबरोबर हे पण सांगतो की माझा अंदाज किती मीटरनं चुकू शकतो. तो आकडा तुमच्या रिपोर्टमध्ये घ्या. "तीनशे मीटर लांब, अंदाज चारशे मीटरचा" असं आलं तर त्यातनं काहीच सिद्ध होत नाही. जागेभोवती हद्द आखायची असेल तर अँड्रॉइडच्या स्वतःच्या सूचनेतच किमान १०० ते १५० मीटर ठेवा असं दिलेलं आहे, तुमचे पन्नास मीटर फारच कमी झाले. आणि सेव्ह अडवू नका हो. व्हिजिट घ्या, तिच्यापुढं "लोकेशन जुळलं नाही" अशी खूण करा, पोराला दुकानाच्या पाटीचा फोटो टाकायची सोय द्या. एखाद्याच्या नावापुढं ही खूण रोजच यायला लागली तर बसून बोला. आषाढीत तर तुमच्याकडं रस्ते बंद, नेट जाम, त्या दिवसांत सेव्ह अडवणारं ॲप म्हणजे पोरांना घरी बसा म्हणण्यासारखंच आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी लिहिते. पोराचं लोकेशन दिवसभर मागच्या मागं घेत असाल तर ते थांबवा. अँड्रॉइड १० पासनं, म्हणजे २०१९ पासनं, फोन स्वतःच विचारतो की ॲप वापरत असतानाच लोकेशन द्यायचं का कायम. आणि आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. त्यात नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला मालकाला काही मोकळीक आहे हे खरं, पण ती कामापुरती, सुट्टीच्या दिवशी पोरगा सासुरवाडीला गेला ते तुम्हाला कळायचं काही कारण नाही. स्क्रीनवर स्वच्छ लिहा, "लोकेशन फक्त पोचलो दाबल्यावर घेतलं जातं", आणि ते खरं असू द्या. एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतील, माझी खात्री आहे.

प्रश्न: आमचा टॉवेलचा कारखाना आहे. बाहेर माल पोचवणारी, वसुली करणारी माणसं कुणी तेलुगू बोलणारी, कुणी कन्नड, कुणी मराठी. ॲप इंग्रजीत आहे. मराठी केलं तर अक्षरं कापली जातायत, बटणातनं बाहेर येतायत. (एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर: अक्षरं कापली जातात कारण स्क्रीन इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर आखलीय. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळं ओळीला उंची जास्त लागते, तेलुगू-कन्नडला तर खाली लटकणारी जोडाक्षरं आणखी. डेव्हलपरला सांगा बटणाची उंची ठोकून ठेवू नको, मजकुराप्रमाणं वाढू दे, आणि दोन ओळी होऊ दे. तपासायला "पूर्ण झालेली वसुली" असं लांब काहीतरी टाका आणि फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं करून बघा, चाळिशी लागलेली माणसं फोन तसाच वापरतात. अँड्रॉइड १४ मध्ये तर अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं.

भाषा प्रत्येकाची त्याला निवडू द्या, अँड्रॉइड १३ पासनं एकाच फोनमध्ये ॲपप्रमाणं वेगळी भाषा ठेवता येते. आकडे मात्र सगळ्यांना एकसारखेच ठेवा, बिलावर जसे छापता तसेच, पैशाच्या बाबतीत घोळ नको. आणि टाइप करायला लावण्यापेक्षा बोलून रेकॉर्ड करायची सोय द्या. ज्याला लिहायचा कंटाळा आहे तो पण वसुलीचं सगळं रामायण दोन मिनिटांत तोंडी सांगतो.

प्रश्न: डाळिंबाच्या सल्ल्याचं काम आहे, माझ्या हाताखाली सहा जण फिरतात. मला माझ्या स्क्रीनवर काय दिसावं? आत्ता कुणी किती व्हिजिट केल्या याचा तक्ता आहे आणि ज्याच्या कमी त्याला मी बोलतो. (एक वाचक, सांगोला)

उत्तर: तो तक्ता तुम्हाला चुकीच्या माणसावर ओरडायला लावतोय. तेल्या रोग आलेल्या बागेत जो उतरतो तो झाडन् झाड बघतो, पानावरचे ठिपके, फळावरच्या चिरा, फोटो काढतो, शेतकऱ्याचा जीव खालीवर होत असतो त्याला समजावतो, त्याचे दोन-तीन तास सहज जातात. दुसरा बिलाची पावती देऊन पाच मिनिटांत निघतो. तुमच्या तक्त्यात दोघांची एकेकच व्हिजिट. मग हळूहळू सगळेच पावत्या वाटायला लागतील आणि बागेत कुणी उतरणार नाही. आणि केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र असलेल्या जिल्ह्यात आपण बागेपर्यंत सल्ला पोचवायला कमी पडलो तर कसं व्हायचं.

तुमच्या स्क्रीनवर सगळ्यात वर अडकलेली कामं ठेवा. कुठल्या बागेची तारीख उलटून गेली, कुठं सलग दोनदा "शेतकरी भेटला नाही" आलं, कुणाला औषधाबद्दल विचारायचंय आणि तुमचं उत्तर अजून गेलं नाही. व्यवस्थित चाललेली कामं खाली, मिटलेल्या रूपात, पाहिजे तर उघडा. कॉम्प्युटरवर असतात तसे "बाकी, चालू, झालं" असे शेजारी शेजारी रकाने फोनवर करू नका, आडवं सरकवत बसावं लागतं आणि एका वेळी एकच दिसतो. त्यापेक्षा वर टॅब, खाली यादी. एका बागेवर बोट ठेवलं की तिची सगळी हकिगत तारखेप्रमाणं खालोखाल, कोण गेलं, काय बघितलं, काय सांगितलं, फोटोसकट, म्हणजे सहातला एखादा रजेवर असला तरी दुसरा तिथूनच काम उचलतो.

राहिलेलं काम आपोआप उद्यावर ढकलणारी सेटिंग असेल तर बंद करा. ती असली की एकच काम पंधरा दिवस "उद्या" म्हणून फिरत राहतं आणि डाळिंबाला पंधरा दिवसांत पाऊस-ढगाळ आलं तर तेल्या सगळ्या बागेत पसरलेला असतो. संध्याकाळी ॲपनं त्या माणसाला विचारावं, उद्या जाणार, दुसऱ्याला देणार, का बंद करणार, तिन्हीपैकी एक दाबल्याशिवाय दिवस बंद होऊ नये. दुसऱ्याला दिलं तर ते लगेच तुमच्या स्क्रीनवर वर यावं. तुमच्या सहा जणांत कुणाकडं आधीच किती बागा आहेत ते तुम्हालाच माहीत असणार, त्यांना नाही.

सांगोल्याच्या वाचकांनी आणि आणखी दोघांनी त्यांच्या ॲपच्या स्क्रीनचे फोटो पण पाठवले होते, त्यात शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर तसेच दिसत होते. ते फोटो मी पुसून टाकलेत. इथून पुढं पाठवताना नाव आणि नंबर झाकून पाठवा, आणि फोन कुठला आहे, किती जुना आहे, तेवढं मात्र नक्की लिहा, उत्तर द्यायला त्याचा फार उपयोग होतो.